अण्णांची 'जनता'

गेल्या रविवारी नांदेडहून माईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, अण्णांचं घड्याळ मूळ रूपात आणून घे. खर्च मी करते." तिच्या मुलाने इंटरनेटवर जुन्या एचएमटी 'जनता'ची तबकडी शोधून काढली आहे. काटेही मिळतात म्हणे. मी "बघू" म्हणालो. माझ्या "बघू"चा अर्थ माईला लहानपणापासून ठाऊक असल्यामुळे ती चिडली, आणि अजून चिडलेलीच आहे. म्हणून हे लिहायला बसलो. (माई, तू हे वाचणार, माहीत आहे.)

हे घड्याळ मी १९७४ साली मास्तरकीच्या पगारातून पैसे साठवून अण्णांना घेतलं. आजच्या मुलांना एचएमटीचं अप्रूप कळायचं नाही. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला हा सरकारी कारखाना सुरू झाला आणि मास्तर, कारकून, कंडक्टर अशा लोकांच्या मनगटावर देशी घड्याळ आलं. 'जनता' तर नावाप्रमाणेच. हातचावीचं, सतरा ज्वेलचं, रोज सकाळी चावी द्यायची की काम झालं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. तेव्हापासून या घड्याळांचे शौकीन फार वाढले आहेत. असो.

माईला आठवतं ते घड्याळ पांढऱ्या तबकडीचं, बारीक सोनेरी खुणांचं. १९७७ मध्ये तिच्या लग्नात अण्णा मुहूर्ताची वेळ त्यातच बघत होते. आज माझ्याजवळ आहे ते दिसायला अगदीच गबाळं. पिवळसर तबकडी, त्यावर दुकानाच्या पाटीवर असावेत तसे ठळक काळे आकडे, दुसऱ्याच कुठल्या घड्याळाचे जाड काटे. 'जनता' हे नाव तर रंगाऱ्याने गाळूनच टाकलं आहे. भाच्याच्या मते हे घड्याळ "बिघडवलेलं" आहे.

ते कुणी बिघडवलं? अण्णांनीच.

१९८९ मध्ये आई अंथरुणाला खिळली. दर चार तासांनी औषध. मी दिवसभर शाळेत, त्यामुळे दिवसाचं आणि हट्टाने रात्रीचंही अण्णाच बघायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. एका रात्री त्यांनी एकचं औषध साडेअकरालाच दिलं. सुदैवाने काही झालं नाही, पण सकाळी ते माझ्याशी बोलेनात. दुपारी स्वतःच गुलमंडीवरच्या घड्याळवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "मला चष्म्याशिवाय दिसेल असं करून दे." त्याने मूळ रंग खरवडून तबकडी नव्याने रंगवून आणली. पुढची दोन वर्षं, आई जाईपर्यंत, अण्णांनी त्या काळ्या आकड्यांवर औषधं दिली. एकही वेळ चुकली नाही. माई तेव्हा सासरी होती, तिची स्वतःची मुलं लहान होती. तिने ते घड्याळ त्या रूपात फारसं पाहिलंच नाही. यात तिचा काय दोष?

परवा मुलगा म्हणाला, "बाबा, अजिंठ्याला नाही का वरचा थर काढून खालची चित्रं स्वच्छ केली?" मुद्दा बिनतोड वाटला खरा. निजामाच्या सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून तज्ज्ञ आणले होते. निसटणारा गिलावा त्यांनी धरून ठेवला हे खरं, पण चित्रांवर लाखेचं रोगणही चढवलं. ते पुढे काळवंडलं आणि पुरातत्त्व खात्याला ते काढत बसावं लागलं. पण तिथे रोगणाखाली मूळ चित्र होतं. इथे रंगाखाली नुसता पत्रा आहे! अण्णांची जुनी तबकडी १९८९ मध्येच गेली. आता बसवायची ती दुसऱ्या कुणाच्या तरी 'जनता'ची, किंवा कालपरवा छापलेली. म्हणजे ज्याला माई मूळ रूप म्हणते तीही एक नवी दुरुस्तीच. फक्त ती अण्णांनी केलेली नसेल.

यंत्राची गोष्ट वेगळी. आतलं तेल सुकतं, मग चाकं झिजतात. घड्याळ सध्या दिवसाला सहा मिनिटं मागे पडतं. ते उघडून धुऊन, तेल घालून घ्यायलाच हवं, त्यात मी कंजुषी करणार नाही. काच बदलायचीही माझी ना नाही. आणि पट्टा तर आजवर किती बदलले कुणास ठाऊक.

माईचं म्हणणं मला कळतं. तिला तिच्या लग्नातले अण्णा हवे आहेत, ताठ मानेचे, डोळे शाबूत असलेले. काल म्हणून तिच्या लग्नाचा अल्बम काढला. एका फोटोत अण्णा व्याह्यांना नमस्कार करताहेत. भिंग लावून पाहिलं, तर घड्याळ कोटाच्या बाहीत निम्मं गेलेलं. सोनेरी खुणा काही दिसल्या नाहीत, पट्टा तेवढा दिसला. तो फोटो मोठा करून माईला पाठवणार आहे.

सोमवारी घड्याळ गुलमंडीवर सर्व्हिसिंगला देतो. तो जुना घड्याळवाला आता नाही, त्याचा मुलगा बसतो. तबकडीला हात लावायचा नाही असं चिठ्ठीवर लिहून देणार आहे, कारण नुसतं सांगितलं तर तो ती पुसून चकचकीत करून ठेवेल. दिवाळीला माई येईल तेव्हा घड्याळ तिच्या हातावर बांधीन. रोज सकाळी चावी द्यायची असते, एवढं तिने लक्षात ठेवावं.