चित्र अंधुक की दृष्टी?

पावसाळा लागला की ज्येष्ठांच्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते : “टीव्ही नीट दिसत नाही.” घरातील कर्ती माणसे ती ऐकतात आणि कामाच्या रगाड्यात विसरून जातात. ही काही प्रकृतीची तक्रार नव्हे, असे सर्वांनाच वाटते. मलाही तसेच वाटले होते, आणि त्यात चार महिने गेले.

माझी मावशी व काका पुण्याच्या शनिवार पेठेत एका जुन्या वाड्यात राहतात. दगडी जोते, हातभर जाडीच्या भिंती, वर कौले. मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. पुढे वाड्यात संच आला, तेव्हा काका कौलांवर चढून अँटेना सिंहगडाच्या दिशेने फिरवीत आणि मावशी खिडकीतून ओरडून सांगे, “आले, आले... गेले!” पडद्यावर मुंग्या येत, एका माणसाची दोन माणसे दिसत, तरी कोणी जागचे उठत नसे. त्या जुन्या सवयीची किंमत काकांनी गेल्या आषाढात मोजली. मुसळधार पावसात चित्र गेले, म्हणून ८१ वर्षांचे काका डिश हलवायला माळ्याच्या शिडीवर चढले आणि तिसऱ्या पायरीवरून घसरले. मनगटाचे हाड मोडले.

वाईट याचे वाटते, की ते चित्र थोड्या वेळाने आपोआप परतले असते. उपग्रहाकडून डिशपर्यंत येणाऱ्या लहरी जोरदार पावसात क्षीण होतात. सर ओसरली की पूर्ववत होतात. डिशला हात लावण्याचे त्या वेळी काहीच कारण नसते, उलट ती किंचित ढळली तरी उपग्रहाची दिशा चुकते. कोरड्या दिवशीही चित्र जात असेल, तर सेट टॉप बॉक्सच्या मागची वायर सैल झाली आहे का, एवढेच घरच्यांनी पाहावे. जुन्या घरात ओलीमुळे वायरच्या जोडात पाणी शिरते, किंवा दक्षिणेच्या अंगाचा आंबा वाढून डिशच्या आड येतो. ती कामे कारागिराची. जाड भिंतींचा अडथळा डिशला नसतो, कारण तिचा संदेश वायरने आत येतो. वायफायवर टीव्ही पाहणाऱ्यांना मात्र तो होतो. त्यांनी राउटर टीव्हीच्याच खोलीत आणावा. शिडी आणि स्टूल सत्तरीपुढच्या माणसाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे, हे माझे आता स्पष्ट मत आहे, मग काका कितीही रागावोत.

मावशीची तक्रार मात्र निराळी होती. “अरे, चित्र धुरकट दिसते रे, साय धरल्यासारखे,” असे ती म्हणे. मी वायर बदलली. मग बॉक्स बदलला. नवा टीव्हीही घेणार होतो. एका सायंकाळी तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकादशीची तारीख चुकीची वाचली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नेत्रतज्ज्ञांनी तपासले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता.

हे मला आधीच कळायला हवे होते. पूर्वीच्या अँटेनाचे चित्र हळूहळू बिघडत असे, मुंग्या वाढत जात. आजच्या डिजिटल प्रक्षेपणाचा संदेश कमी पडला, तर चित्राचे चौकोनी तुकडे होतात, ते गोठते किंवा नाहीसे होते. ते दिवसेंदिवस धुरकट होत जात नाही. (मोठ्या पडद्यावर साध्या दर्जाची वाहिनी लावली, तर ती थोडी मऊसर दिसते हे खरे; पण तो दोष पहिल्या दिवसापासून असतो आणि घरातील सर्वांना दिसतो.) म्हणून ज्येष्ठ काय म्हणतात, ते शब्दशः ऐकावे. “तुकडे होतात” म्हटले, तर कारागीर बोलवावा. “अंधुक दिसते”, “रात्री दिव्याभोवती वलये दिसतात” असे म्हटले, तर डोळे तपासावेत. सरळ रेघ वाकडी दिसू लागली, डोळ्यांपुढे अचानक पडदा आला किंवा विजेसारखे चमकले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. तिथे थांबण्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो.

आवाजाचेही असेच. “आवाज येतो, पण बोलणे कळत नाही” ही वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणाची नेमकी खूण आहे. उंच स्वर आधी हरवतात, आणि ‘स’, ‘फ’, ‘त’ यांसारखी व्यंजने त्यांच्याबरोबर जातात. आवाज वाढवून ती परत येत नाहीत, फक्त शेजारी जागे होतात. प्रथम डॉक्टरांकडून कानातील मळ पाहून घ्यावा, मग श्रवणचाचणी करावी. थोडा दोष यंत्राचाही असतो : हल्लीच्या सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा मागे किंवा खाली तोंड करून बसविलेले असतात. ऐकणाऱ्याच्या जवळ लहानसा स्पीकर ठेवल्यास पुष्कळ फरक पडतो.

मावशीच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. भूल थेंबांची होती आणि संध्याकाळी ती घरी होती. आता बातम्यांच्या तळाशी धावणारी पट्टी ती काकांना मोठ्याने वाचून दाखवते. काकांची श्रवणचाचणी येत्या मंगळवारी ठरली आहे. ते यायला तयार नाहीत. त्यांच्या मते दोष बॉक्सचा आहे.