फ्यूज मोटर वाचवतो, माणूस नव्हे

दिल्लीलगतच्या गुरुग्राममध्ये 31 जुलै 2024 च्या रात्री, मुसळधार पावसात, इफ्को चौक मेट्रो स्थानकाजवळ तुटलेल्या वीजतारेचा धक्का बसून तिघांचा मृत्यू झाला. महानगरातील अशा घटनेची देशभर बातमी होते. पंप सुरू करताना कोसळलेल्या शेतकऱ्याची चर्चा बहुधा गावापुरतीच राहते. तुटलेली तार हा वितरण यंत्रणेचा प्रश्न आहे. कृषिपंपातील वीजगळती मात्र शेतावरच, अपघातापूर्वी ओळखता येते.

पाच अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर पूर्ण भारावर साधारण सात अँपिअर प्रवाह घेते. फ्यूज वितळण्यास त्याहून बराच अधिक प्रवाह लागतो. माणसाच्या शरीरातून 30 मिलिअँपिअर, म्हणजे मोटरच्या प्रवाहाच्या दोनशेव्या भागाहूनही कमी प्रवाह वाहत राहिला, तरी तो जिवावर बेतू शकतो. अर्थिंग केले म्हणजे धोका टळला, ही समजूतही अपुरी आहे. अर्थिंगचा रोध 20 ओहम असल्यास 230 व्होल्टला त्यातून जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतात. फ्यूज शाबूत राहतो आणि मोटरच्या सांगाड्यात वीज खेळत राहते.

ही गळती तारेला स्पर्श न करता मोजता येते. लीकेज क्लॅम्प मीटरच्या कड्यातून तिन्ही फेजच्या तारा एकत्र नेल्यास निर्दोष पंपात त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना जवळजवळ रद्द करतात. काही प्रवाह जमिनीत जात असेल, तर तेवढाच फरक मिलिअँपिअरमध्ये दिसतो. अर्थिंगची तार मात्र कड्याबाहेर ठेवावी लागते. एकाच तारेभोवती मीटर लावल्यास मोटरचा चालू प्रवाह कळतो, गळती नव्हे. टेस्टर पेन तर केवळ विद्युतदाबाची चाहूल देतो. आरसीसीबीही याच तत्त्वावर चालतो. मर्यादा ओलांडताच तो पुरवठा तोडतो.

पाण्यातील मोटर व लांब केबल यांत दोष नसतानाही थोडी गळती असते. त्यामुळे आरसीसीबी वारंवार पडतो आणि शेतकरी तो काढून टाकतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय मोजणीचाच: केबलचा सदोष जोड सापडतो आणि योग्य क्षमतेचे उपकरण निवडता येते.

कपाशीत कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस प्रत्येकी आठ पतंग आढळले, की बोंडे किडण्याची वाट न पाहता उपाययोजना करण्याचा सल्ला विस्तार यंत्रणा देते. विजेबाबतही तीच शिस्त हवी. प्रत्येक तालुक्यात किमान एक लीकेज क्लॅम्प मीटर असावे. खरीपपूर्व मोहिमेत परवानाधारक वायरमनकडून पंपांची तपासणी व्हावी आणि नोंद ठेवली जावी. पंपाला अनुदान देताना आरसीसीबी व अर्थिंगचा खर्चही त्यात धरावा. पंपाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.