आधी सांगा, पैसे गेले कुठे?

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने आपल्याच माणसांना चोर ठरवलं. खेड्यापाड्यांत छोटं दुकान चालवून शेजारीच पोस्टाचा गल्ला सांभाळणारे हे सबपोस्टमास्तर. 1999 नंतर फुजित्सूच्या ‘होरायझन’ या संगणकीय हिशेब-प्रणालीने तूट दाखवली की पोस्टाचे तपासनीस दारात उभे. तक्रारदार पोस्ट, तपास पोस्टाचा, खटलाही पोस्टच भरणार. अशा तपासाला तपास म्हणायची माझी तयारी नाही. 900हून अधिक जण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, त्यातले बहुतेक पोस्टानेच उभे केलेले.

हॅम्पशरच्या साउथ वॉर्नबरो गावातल्या सबपोस्टमास्तर जो हॅमिल्टन यांनी हेल्पलाइनवर सांगितलं तसं केलं, आणि तूट डोळ्यांदेखत दुप्पट झाली. चोरीचा पुरावा सापडला नाही, असं पोस्टाच्याच तपासनिसाने लिहून ठेवलं होतं. तरी चोरीचा आरोप लावलाच. मग सौदा: खोटे हिशेब लिहिल्याचं कबूल करा, पैसे भरा, होरायझनबद्दल ब्र काढू नका, चोरीचा आरोप मागे घेतो. ही खंडणी आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही.

चोरी झाली म्हणता, तर पैसा कुठे तरी दिसायला हवा ना! बँकेत नाही, बंगल्यात नाही, जुगारात नाही. हा साधा प्रश्न खटला भरणाऱ्यांना पडू नये? पण इंग्लंडच्या कायद्यात संगणक बरोबरच चालतो असं गृहीत धरलेलं. तो चुकला हे दाखवायचं आरोपीने, आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रं पोस्टाच्या ताब्यात! नोव्हेंबर 2010मध्ये सबपोस्टमास्तर असलेल्या गरोदर सीमा मिश्रा यांना 15 महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता.

माजी सबपोस्टमास्तर अॅलन बेट्स यांच्यासह 555 जण कोर्टात लढले, तेव्हा कुठे 2019मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमधले दोष निकालात नोंदवले. 23 एप्रिल 2021ला अपील कोर्टाने 39 जणांच्या शिक्षा रद्द केल्या. उरलेल्या शेकडो जणांसाठी सरकार हललं ते जानेवारी 2024मध्ये, टीव्हीवरची याच प्रकरणावरची मालिका पाहून लोक खवळल्यावर. एवढी वर्षं निकाल वाचणारं कुणीच नव्हतं का?

मे 2024च्या कायद्याने सरसकट शिक्षा पुसल्या, पण अपील कोर्टाने ज्यांची प्रकरणं आधीच फेटाळली होती त्यांना वगळलं. जे हिमतीने वर दाद मागायला गेले, त्यांच्याच कपाळी डाग ठेवला. त्यांनाही याच कायद्यात घ्या, आणि पुराव्याचं ओझं पुन्हा त्यांच्या डोक्यावर टाकू नका.