राब आणि वणवा

होळी जवळ आली की मुळशी धरणाभोवतीच्या डोंगरांवर रात्री लाल रेघ सरकताना दिसते. सकाळी तिथे काळा उतार उरतो आणि जूनचा पाऊस राखेबरोबर उघडी मातीही ओढ्यातून धरणात नेतो. हा वणवा निसर्गाचा नव्हे. सह्याद्रीत उन्हाळ्यात वीज पडते ती बहुधा वळिवासोबत. फाल्गुन-चैत्रातला जाळ माणसाच्या हातचा असतो. कुणी चांगल्या गवताच्या आशेने काडी ओढतो, कुणी पेटती चूल तशीच सोडून जातो, कधी बांधावरचा जाळ वाऱ्याने निसटतो.

झुडपी रानाला आग हवीच असते, असे सांगणारे दाखले जगात आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातील फिनबॉस झुडपांत अनेक वनस्पतींचे बी धूर व धग लागल्यावरच रुजते. काझीरंगात गवत दरवर्षी ठरवून जाळतात. कर्नाटकातील बिळिगिरी डोंगरांत सोलिग आदिवासींच्या पालापाचोळा जाळण्यावर बंदी आली आणि पुढे तिथे घाणेरी माजली. ती बंदीच याला कारण, असे सोलिग सांगतात. पण हे दाखले मुळशीला जसेच्या तसे लागू करणे घातक ठरेल.

इथली करवंदाची जाळी हे बऱ्याच ठिकाणी वाढ खुंटलेले जंगल आहे. तिच्या काट्यांच्या आडोशाला, गुरांच्या तोंडापासून वाचून, जांभूळ, अंजन, हिरडा यांची रोपे डोके वर काढतात. दरसालचा वणवा नेमकी तीच मारतो आणि मागे धायटी, कुंभा अशी आग सोसणारी झाडे उरतात. सात वर्षांनी फुलून वाळलेली कारवी तर सरपणासारखी पेटते आणि तिच्याबरोबर बोंडातले बीही जाते. टिटवी, रातवा जमिनीवर अंडी घालतात तो काळही हाच. आग न शिरलेले रान कसे असते, हे पाहायला लांब जायला नको. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या ज्या देवरायांचा अभ्यास केला, तशा राया याच डोंगरांत, याच पावसात उभ्या आहेत.

मग आग सरसकट वाईट का? तसेही नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजणारा शेतकरी शेण, टहाळ, पाला, गवत आणि वर माती असे थर रचतो. वारा पडल्यावर, वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतो आणि विझेपर्यंत जागचा हलत नाही. या राबासाठी लागणाऱ्या टहाळावरून ब्रिटिश अमदानीत ठाणे-कुलाब्यात एवढा वाद पेटला की मुंबई इलाख्याला वन आयोग नेमावा लागला. १८८७मध्ये त्याचा अहवाल आला. तेव्हापासून सरकारी नजरेत डोंगरातला माणूस हा आग लावणारा ठरला. आग राखणारा म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलेच नाही.

ही नजर बदलायला हवी. १९२७चा वन कायदा राखीव वनात आग लावणे गुन्हा ठरवतो आणि ते योग्यच आहे. पण गुन्हा नोंदवून जळलेला उतार हिरवा होत नाही. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी, पौष-माघात गवतात दंव असतानाच, जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढून झाल्या पाहिजेत. हे काम गावच्या वन समित्यांकडे द्यावे आणि मजुरी वेळेवर द्यावी. चराईच्या माळावर गवत जाळायचेच असेल, तर ते लहान तुकड्यांत, वनरक्षक आणि गावकरी दोघांच्या देखत जाळावे. जाळलेल्या आणि राखलेल्या तुकड्यांत पुढे काय उगवले, याची नोंद ठेवावी. ताम्हिणी अभयारण्य, देवराया आणि कारवीचे उतार मात्र आगीपासून पूर्ण वाचवावेत.

राब भाजताना वारा ओळखणारे हात मुळशीच्या वाडी-वस्तीवर आजही आहेत. वणवा पेटल्यावर झोडपायला त्यांना बोलावतोच. यंदा जाळरेषा आखतानाच बोलवावे.