करंगळी वर गेली की मुलाला जाऊ द्या

जूनमध्ये शाळा उघडतील. वह्या-दप्तरांच्या गडबडीतच पालकांना, शाळेतल्या बाईंना आणि अंगणवाडीच्या ताईंना ही कळकळीची विनंती आहे. लहान मुलाने करंगळी दाखवली की त्याला लगेच जाऊ द्या. "आत्ताच तर सुट्टी झाली, बस खाली," हे यंदा एकाही वर्गात ऐकू येऊ नये.

पाच वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण 200 मिलिलिटर लघवी मावते. मोठ्यांच्या निम्मीच. त्याला फार वेळ थांबता येत नाही. शीचे दुखणे तर आणखी खोल जाते. दाबून ठेवलेली शी आतड्यात सुकून कडक होते, होताना दुखते, म्हणून मूल पुन्हा दाबते. आतड्याचा शेवटचा भाग ताणत जातो आणि 'लागली' ही जाणीवच बोथट होते. मग चड्डी खराब होते आणि मुद्दाम केले समजून आपण त्याला रागावतो. त्या लेकराला खरोखरच कळलेले नसते! भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर येतो, लघवी पूर्ण होत नाही, जंतुसंसर्ग होतो. मुलींना तो जास्त होतो, आणि घाण संडासात जायला नको म्हणून कित्येक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

घरी खेळता खेळता मूल पाय आवळते, टाचेवर बसते, तरी "नाही लागली" म्हणते, कारण खेळ मोडायचा नसतो. ओरडू नका. "पोटाखाली जड वाटतंय का रे?" असे विचारा. शब्द मिळाले की ते हळूहळू स्वतःच ओळखू लागते. जेवणानंतर पायाखाली पाट देऊन पाच-दहा मिनिटे शीला निवांत बसवा. शरीराची खूण ओळखणे जेवणातही असते, म्हणून डब्यातल्या उरलेल्या पोळीवरूनही रागावू नका. पोट भरल्याचे त्याला कळले, हे चांगलेच आहे.

शाळा सुरू होण्याआधी तिथले स्वच्छतागृह स्वतः जाऊन पाहा. आतली कडी मुलाच्या हाताला येते का? नळाला पाणी आहे का? मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी ही 2009च्या शिक्षण हक्क कायद्याची अट आहे. नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा, लेखी द्या.

लघवीला जळजळ, कारण न कळणारा ताप, शीमध्ये रक्त, किंवा आठवड्यातून दोनदाच शी होत असेल, तर मुलाला डॉक्टरांकडे न्या. मनाने जुलाबाचे औषध देऊ नका.