आरोग्याच्या चार गोष्टी : तळणीचे तेल आणि बिऊव

रक्तवाहिन्यांत चरबी साचली की काय होते ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. आज रस्त्याखालच्या नळांत साचणाऱ्या चरबीविषयी लिहितो. विषय घाणेरडा आहे खरा, पण ज्यांचा जन्म बेडपॅन उचलण्यात गेला त्यांना त्याचे काय!

मुलांनो, लंडनमध्ये व्हाइटचॅपल रोड म्हणून रस्ता आहे. एकेकाळी त्या भागात रशिया-पोलंडहून आलेले यहुदी दाटीवाटीने राहत. २०१७ सालच्या सप्टेंबरात त्या रस्त्याखालच्या जुन्या गटारात २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा एक घट्ट गोळा सापडला. म्हणजे वजनाने वीसेक मोठे हत्ती! इंग्रज त्याला फॅटबर्ग म्हणतात. पाण्याचे फवारे मारून आणि फावड्यांनी फोडून तो काढायला कित्येक आठवडे लागले. त्याचा एक तुकडा २०१८ साली लंडनच्या म्युझियममध्ये काचेत ठेवला होता. लोक काय काय बघायला जातात!

हा गोळा होतो कसा? गरम तेल मोरीत पातळ असते, पुढे नळात गार झाले की भिंतीला चिकटते. तिथे त्यातली आम्ले सुटतात, पाण्यातले व काँक्रीटमधले कॅल्शियम त्यांना मिळते आणि साबणासारखा कठीण थर बनतो. त्यात मगवोनीम, म्हणजे ते ओले पुसणे, अडकले की झालेच. पाकिटावर काहीही छापलेले असो, मगवोन टॉयलेटात टाकू नका. "वरून उकळते पाणी ओतले की जाते," असे आमच्या कितीतरी मैत्रिणी म्हणतात. जाते हो, पण शेजाऱ्याच्या नळापर्यंत.

घरापेक्षा खानावळींचे तेल पुष्कळ जास्त. म्हणून त्यांना मफ्रीद शुमान बसवावा लागतो. ही एक टाकी असते. भांडी धुतलेले पाणी तिच्यात येऊन थोडे थांबते, गार होते. तेल वर तरंगते, उष्टेखरकटे तळाशी बसते आणि मधले पाणी आडव्या पडद्याखालून बिऊवकडे जाते. युक्ती साधी आहे, पण टाकी वेळेवर उपसली तरच. तेल आणि गाळ मिळून टाकीची पाव उंची भरली की ती उपसावी, असा सर्वसाधारण हिशेब असतो. नंतर टाकी नावाला राहते, तेल सरळ पुढे जाते. उपसायला पैसे पडतात, तिथेच घोडे अडते.

आमच्या इमारतीखाली अशीच एक खानावळ आहे. गेल्या हानुक्कात तळण जोरात चालले होते, आणि एका सकाळी तळमजल्यावरच्या मावशींच्या न्हाणीघरात गटार उलटे वर आले. मावशी ८४ वर्षांच्या, डायबेटीसवाल्या, पायाला जखम. अशा पाण्यात जुलाबाचे जंतू असतात, आणि उघड्या जखमेला ते फार वाईट. आम्ही त्यांना वर आमच्याकडे आणले, पाय धुऊन ड्रेसिंग केले, डॉक्टरांना फोन केला. नळवाल्याने नळातून पांढऱ्या वड्या काढल्या, अगदी खोबऱ्याच्या वड्यांसारख्या. खानावळवाला म्हणतो, "यिहिये बेसेदेर." टाकी होती त्याच्याकडे, पण किती महिन्यांत उपसली ते सांगता येईना! शेवटी वाद बायितने इरियाला पत्र लिहिले, इन्स्पेक्टर आला, झाकण उघडवले. आता टाकी उपसल्याची पावती दर खेपेस वादकडे द्यायची असे ठरले आहे. तुमच्या इमारतीखाली खानावळ असेल तर तुम्हीही पावती मागा, लाजू नका. पण झाकण स्वतः उघडू नका, मुलांनी तर जवळही जाऊ नये. आत विषारी वायू साचतो, माणूस क्षणात बेशुद्ध पडतो.

घरी पुऱ्या किंवा मासळी तळल्यावर तेल गार करून बाटलीत भरावे. जुने तेल गोळा करणारे असतील तर त्यांना द्यावे, त्याचे गाड्यांचे इंधन होते. नसतील तर बाटली घट्ट बंद करून कचऱ्यात टाकावी. तवा धुण्याआधी कागदाने पुसावा.

आणि बाळांनो, आजीला विचारून थोडे वितळलेले तूप पेल्यातल्या गरम पाण्यात ओता, पेला रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी चमच्याने टोचून बघा.