विजेची चाचणी आणि नकाराचा अधिकार

उडत्या विमानावर वीज पडते. प्रवासी विमानाला सरासरी वर्षातून एकदा तिचा तडाखा बसतो, आणि आपल्या आर.एम.एस. बांधवांनी बांधलेले टपालाचे थैलेही अशाच विमानांतून जातात. तरी विमाने सुखरूप उतरतात, कारण त्यांचे भाग आधी जमिनीवर कृत्रिम वीज सोडून तपासलेले असतात.

हे शहाणपण स्वस्तात आले नाही. ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत एल्क्टन गावाजवळ पॅन ॲम कंपनीचे बोईंग ७०७ कोसळले. विजेमुळे पंखाच्या टाकीतील इंधनाची वाफ पेटली होती. ८१ माणसे गेली. पुढे नियम कडक झाले. आता प्रयोगशाळेत मोठमोठे कपॅसिटर भारून पंखाच्या तुकड्यात क्षणार्धात दोन लाख अँपिअरपर्यंत प्रवाह सोडतात. खोलीत काळोख करून कॅमेरा लावतात. टाकीच्या बाजूला एखाद्या रिव्हेटपाशी ठिणगी दिसली की तुकडा नापास! चाकावर हातोडा मारून आवाजावरून तडा ओळखणाऱ्या आपल्या सी अँड डब्ल्यूच्या माणसाला हे वेगळे समजवायला नको.

पण नापास म्हणणाऱ्याचे ऐकले जाते का? बोईंग ७८७ चा पंख कार्बन तंतूंचा. ॲल्युमिनियमइतकी वीज तो वाहून नेत नाही, म्हणून त्यात तांब्याचा पातळ पत्रा घातला होता. कंपनीने तो काही भागातून काढला. उरलेले संरक्षण पुरेसे आहे, असे तिचे म्हणणे. सरकारी विमान खात्याच्या तंत्रज्ञांनी हरकत घेतली, वरिष्ठांनी ती बाजूला सारून मंजुरी दिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकी संसदेच्या परिवहन समितीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून याचा जाब विचारला.

आपल्याकडे रेल्वे सुरक्षा आयुक्त विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवले आहेत, ते रेल्वेच्या दबावाबाहेर राहावेत म्हणूनच. ही सोय वरच्या पातळीवर झाली. यार्डात रात्री दोन वाजता डबा 'अनफिट' ठरवणाऱ्या परीक्षकाला मात्र फोनवर हुकूम येतो, "सोड गाडी, वेळ जातोय." फोनचा पुरावा राहत नाही. अपघात झाला की चार्जशीट त्याच्याच हाती!

परीक्षकाचा नकार डावलायचा असेल, तर वरिष्ठाने तसे लेखी, नाव व सहीनिशी द्यावे. येत्या पी.एन.एम. बैठकीत आम्ही ही मागणी ठेवणार आहोत. शाखांनी असे प्रसंग तारीख व गाडी क्रमांकासह कळवावेत.